प्लेटीवरचा थर

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या चैत्रात सुर्ल्याला खनिजाचा ट्रक उलटला आणि ह्यांच्या मांडीचं हाड मोडून आत स्टीलची प्लेट बसली. टाके ओले असतानाच लईराई देवीची जत्रा आली. सासूबाईंनी शिरगावहून अंगारा आणला, पट्टी सोडली आणि जखमेवर बोटानं दाबून लावला.

"नको, आई," मी म्हटलं.

"कॉलेजींत देव शिकयनात न्ही गो?"

गणपतीची चवथ झाली तरी पू थांबेना. गोळ्या चालू असल्या की जखम सुकायची, बंद केल्या की परत वाहायची. सासूबाईंना कारण सापडलं. माझा पायगुण. पाय बरा होईपर्यंत मी तान्ह्या प्रज्योतला घेऊन पेडण्याला माहेरी राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पाय बराच झाला नाही तर काय, हे कोणी बोललं नाही.

जाण्याआधी ह्यांना मी हट्टानं म्हापशाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे बघून झाल्यावर ह्यांना पट्टी बदलायला नेलं, तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलले.

"देवळाच्या तळीच्या पायरीवर बुळबुळीत थर धरतो ना, वहिनी? जंतू प्लेटीला चिकटून तसाच थर करतात. औषधानं वरचे मरतात, थरातले जगतात. हाड जुळलंय. प्लेट काढू, आतून साफ करू. पाय वाचेल."

"जंतू शिरले कधी?"

"ते कोण सांगणार? ऑपरेशनच्या वेळीसुद्धा शिरले असतील. नाहीतर नंतर, पट्टी उघडली तेव्हा."

घरी पोचलो तर सासूबाई प्रज्योतची दुपटी पिशवीत भरत होत्या. शेजारच्या विमलामावशी बसलेल्या. बरंच झालं, साक्षीला माणूस होतं.

"प्लेटीवर जंतूंचा थर धरलाय," मी म्हटलं. "टाके ओले असताना पट्टी सोडली, तेव्हा शिरले."

"दोतोरान अशें सांगलां?"

"हो."

ह्यांनी आईकडे पाहिलं. "आई, ही नको म्हणत होती तेव्हा."

"म्हाका कितें खबर रे, बाबा..." त्या खालीच बसल्या. विमलामावशी त्यांना सावरायला उठल्या. मी उठले नाही. पिशवी ओढून घेतली आणि एकेक दुपटं परत कपाटात ठेवलं, सावकाश, त्यांना दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "दोतोर आनी कितें म्हणालो गो?"

डोळे सुजलेले होते. मी ते नीट पाहून घेतले.

"आणखी काही नाही, आई."