दोनशे बारा बाय एकशे अठरा

मी बीपीच्या मशीनचा पट्टा बोलतोय. आकडा दाखवायचं काम डबीचं. माणसाचा दंड धरायचं काम माझं.

इकडे आखातात, सीफच्या मॉलमधल्या औषधाच्या दुकानातून इलियासनी मला ईसा टाउनच्या घरी आणलं. ते एका ऑफिसात क्लार्क. डॉक्टरांनी त्यांना रोज बीपी बघायला सांगितलं होतं. त्यांच्याकडे इथल्या रहिवासाचं कार्ड होतं, दवाखाना गाडीने पाच मिनिटांवर. पंधरा दिवसांत बीपी ताळ्यावर आलं आणि मी कपाटात गेलो. बरी झालेली माणसं आम्हाला विसरतात. त्याचं मला काही वाटलं नाही.

वर्षभराने बाथरूमच्या फरश्या बदलायला रावजी आला. गुहागरकडचा, सफाईदार हाताचा. इलियासची बायको रशीदा रत्नागिरीची, त्यामुळे गावाकडच्या गप्पा व्हायच्या. तिसऱ्या दिवशी तिला फरश्यांची एक ओळ तिरकी गेलेली दिसली. तिने विचारलं तेव्हा रावजी म्हणाला, सकाळपासून डाव्या डोळ्यापुढे काळं येतंय. डोकं तर महिनाभर दुखतंय.

लग्नाआधी रशीदा गावाकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि मला कपाटातून काढलं. त्याच्या दंडावर सिमेंट वाळलेलं होतं. मी आवळलो, सैल झालो. दोनशे बारा बाय एकशे अठरा. पाच मिनिटं थांबून तिने पुन्हा बघितलं. तेवढंच.

"दवाखान्यात कधी गेला होता, रावजीभाऊ?"

"नाय गेलो, भाभी. कंपनी बंद पडली, कार्ड खलास झाला. दारावर पहिला कार्डच मागतात."

इलियास दुपारी घरी आले. ते कचरले. बिनकार्डाच्या माणसाला घेऊन गेलो तर आपल्यालाही विचारतील, असं हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हे; परक्या देशात वीस वर्षं जपून राहिलेला. रशीदाने आवाज चढवला नाही.

"तुमचं बीपी एवढं असतं, तर मी आधी कार्ड शोधत बसले असते का?"

त्यांनी गाडीची किल्ली उचलली. मी रशीदाच्या पिशवीत होतो.

वाटेतल्या एका छोट्या दवाखान्याने काउंटरवरूनच परत पाठवलं. मग ते सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथे एका डॉक्टरबाईंनी रावजीला आधी आत घेतलं. कागद इलियास बाहेर भरत बसले. डोळ्यात रक्तस्राव झाला होता. मेंदूत झाला नाही हे नशीब, असं बाई म्हणाल्या. सहा महिन्यांपूर्वी कुणी नुसतं बीपी बघितलं असतं, तर साध्या गोळीवर भागलं असतं.

रावजी वाचला. डाव्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही.

रावजीच्या नव्या व्हिसाच्या खेपांना चार महिने गेले. इलियासनीच रजा टाकून त्या घातल्या. आता रावजी एका गोदामात कामाला आहे. फरश्या बसवणं सुटलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी रशीदा मला कामगारांच्या वस्तीत नेते. माझी चिकटपट्टी झिजली. एका बाजूला तिने टाके घातलेत. सुतार, स्वयंपाकी, ड्रायव्हर, कितीतरी दंड धरले. फार दिवस टिकेन असं नाही. दुसरा पट्टा सहज मिळेल, त्याची काळजी नाही. मागणं एवढंच, की आकडा कळल्यावर त्या माणसाला जायला जागा असू द्या, मग तो कुणीही असो.

गेल्या शुक्रवारी संतोष नावाच्या ड्रायव्हरचा आकडा एकशे नव्वदच्या वर गेला. त्याने बाही खाली ओढली. शिफ्ट आहे, पुढच्या आठवड्यात बघू, इंशाल्ला, म्हणाला.

रावजी शेजारीच बसला होता. त्याने उजवा डोळा त्याच्याकडे वळवला.

"पुढच्या आठवड्यात नाय. ऊठ. मी येतो संगती."

संतोष उठला. दोघे बाहेर पडले, आणि रशीदाने मला पुढच्या दंडावर गुंडाळलं.