उघाडीतली काठी

माझी भाची निवेदिता तीन महिने नागावला माझ्या घरी राहून एका बंद दाराला धडका देत होती आणि मी तिला चहा करून देत होतो. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शेवटी हे काम नशिबी आलं. शेजारच्या होमस्टेवाल्यांचा स्पीकर सकाळपासून कोकलायचा, पण या पोरीची नजर काही पडद्यावरून हलायची नाही.

ती संगणकांतल्या चोरवाटा शोधते. चोरी करायला नव्हे, बनवणाऱ्या कंपनीला कळवायला. या वेळची वाट चक्क पहारेकऱ्याच्या खोलीतून जात होती. ‘‘फायरवॉल म्हणजे फाटकावरचा राखणदार, मामा,’’ तिने सांगितलं. ‘‘बाहेरचं काय आत घ्यायचं ते तो ठरवतो. म्हणून त्याला मालकाचे सगळे अधिकार दिलेले असतात.’’

हा राखणदार एक नोंदवही ठेवतो. वही आपलीच आहे ना, हे आधी तपासतो आणि मग उघडतो. तपासणं आणि उघडणं यांच्यामध्ये जरा फट राहते. तेवढ्यात मशीन वापरणाऱ्या कुणा साध्या माणसाने वही काढून तिथे भलतीकडे नेणारी पाटी लावली, तर राखणदार पाटीवरची फाइल बिनदिक्कत त्याच्या हाती देतो. पासवर्ड, अधिकार, सगळं घर.

पण ती फट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. हजारो प्रयत्नांत निवेदिताला दोनदा जमलं होतं, कंपनीच्या माणसांना एकदाही नाही. त्यांनी लिहिलं, शुक्रवारपर्यंत घडवून दाखवा, नाहीतर तक्रार बंद करतो.

‘‘बंद केली तर काय बिघडलं?’’ मी विचारलं.

‘‘फट तशीच राहील. मला सापडली, उद्या आणखी कुणाला सापडेल. आणि तो कळवायला जाणार नाही. दवाखान्यांत, शाळांत, सगळीकडे हीच सिस्टिम आहे, मामा.’’

हा बुधवार होता. बशीत चहा ओतताना माझा हात थांबला. तो क्षण कसा पकडायचा यावर पोरगी डोकं फोडत होती, आणि क्षण पकडायचा नसतो हे मला सत्तेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट सांगावी लागणार होती. मी बशी खाली ठेवली. मग सांगितली.

आमचं मूळ गाव खारीतलं. एका बाजूला खाडी, दुसरीकडे भाताची शेतं, मध्ये बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे वरून टांगलेली जाड लाकडी फळी. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला समुद्रच तिला दाबून बंद करतो. गावाने नेमलेला राखणदार होता येसाजी. फळी त्याने स्वतः तासलेली.

मी एकोणीस वर्षांचा. निवेदिताच्या आईला बघायला पाहुणे यायचे होते, आणि आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात जिताडा मासा पडला की अर्धं काम झालं. जिताडा खाडीतून भरतीबरोबर येतो, पण भरतीला फळी बंद. म्हणून ओहोटी संपून पाणी उभं राहिलं तेव्हा मी फळीच्या फटीत तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या झाडाची, वीतभर काठी रोवून उभी केली. भरती लागली. फळी मिटायला गेली आणि काठीवर अडली. मागे अख्खा समुद्र आणि पुढे माझी काठी. मी बघतच राहिलो. जिताडा आत आला, मी पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून धरला, पळत घरी गेलो आणि काठी काढायची विसरलो.

पुढची भरती कोजागिरीच्या उधाणाची होती. काठीमुळे नीट न मिटलेली फळी त्या लोंढ्याने उखडली. चाळीस एकर पिकलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलं, तीन वर्षं तिथे दाणा उगवला नाही. काठी वाहून गेली होती. गाव म्हणालं, येसाजीची फळी कुजकी होती, आणि त्याचं काम काढून घेतलं. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. मी तोंड उघडलं नाही.

मला वाटलं, निवेदिता आता ऐकवेल चांगलं. ‘‘म्हणजे पकडायचं नाही,’’ ती सावकाश म्हणाली, ‘‘थांबवायचं.’’

‘ही फाइल कुणी उघडायला आलं तर त्याला जरा थांबवून मला सांग’, असं म्हणायची सोय साध्यातल्या साध्या प्रोग्रामलाही असते म्हणे. ती तिला सुचली नव्हती.

गुरुवारी सकाळी कसलेच अधिकार नसलेल्या ‘पाहुणा’ खात्यातून तिने ती काठी लावली. राखणदार वहीपाशी आला आणि थांबला. निवेदिता उठून पाणी पिऊन आली, तरी थांबलेलाच. जगभरच्या मशीनांवर ज्याचा हुकूम चालतो, तो एका पाहुण्याच्या शब्दावर दारात उभा होता. माझ्या अंगावर काटा आला. ती भीती नव्हती. गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं काहीतरी होतं. तिने पाटी बदलली, काठी काढली, आणि पुढच्या ओळीत पाहुणा मालक झालेला होता. दहा वेळा केलं, दहाही वेळा जमलं. हात जोडावेत असं मला वाटलं, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

ती लगेच कंपनीला लिहायला बसली. ‘‘राखणदार कुचकामी नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिते,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर लोक त्यालाच बंद करून ठेवतील.’’

मी शर्ट बदलला आणि गावाची एसटी पकडली.

येसाजी नव्वदीला टेकलाय. मुलगी काशी त्याला ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवते, खाडीकडे पाठ करून. त्याला तसंच हवं असतं. मी समोर उभं राहून सगळं सांगितलं. आता शिव्या पडतील म्हणून मान खाली घातली.

‘‘काठी कसली व्हती?’’ त्याने विचारलं.

‘‘तिवराची.’’

‘‘कंच्या अंगाला?’’

‘‘डाव्या.’’

मग तो म्हणाला, ‘‘म्हंजे फली चांगली व्हती.’’

‘‘चांगली होती, येसाजीकाका. तिच्यात काहीच खोट नव्हती.’’

‘‘काशे,’’ त्याने आत हाक मारली. ‘‘माजी फली चांगली व्हती. मास्तर सांगतंय.’’

काशी ओल्या हातांनी बाहेर आली. तिलाही मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती माझ्याकडे न बघता बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

‘‘मंग आता माला फिरव,’’ येसाजी तिला म्हणाला.

एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने मी, आणि आम्ही खुर्ची खाडीकडे फिरवली.