होडीतली मासळी

उषाने पांढऱ्या कटोऱ्यात होडीतले पाणी घेतले आणि उजेडाकडे धरले. वीस-पंचवीस अळ्या वळवळत तळाशी गेल्या.

पालघरजवळच्या माहीमच्या या कोळी आळीत तीन आठवडे सांधे धरणारा ताप होता. पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या उषाने सकाळपासून घरोघरचे रांजण आणि पिंपे तपासली होती. सगळी घासलेली, झाकलेली. येसूबाईच्या अंगणात नारळाच्या झापांच्या मांडवाखाली ठेवलेल्या होडीकडे मात्र कोणी बोट दाखवले नव्हते.

"पायांवर पांढरे पट्टे असलेले डास इथेच होतात, येसूबाई. हे पाणी उपसावे लागेल."

येसूबाई उठायला गेली आणि गुडघा धरून पुन्हा बसली.

"उपसाल तर फळ्या सुकतील, बाय. सुकल्या की फटी पडतात. म्हनून तर गोडं पानी भरून ठेवलंय. आठ दिसांनी नारळी पुनव. माझा पुंडलिक पयली होडी दर्यात घालनार, का डबा घेऊन पानी उपसत बसनार?"

"मी उपसतो आये, तू गानी म्हन," पुंडलिक म्हणाला.

"गप रे!"

उषाने दोन फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवले. लाकूड फुगून घट्ट बसले होते. पाणी उपसायची नोंद न करताच तिने पेनला टोपण लावले.

"विहिरीत मासे आहेत?"

"हायत बोटभर. त्यांना कोन खानार?"

"ते कोणाला खातात ते पाहू."

पुंडलिकने जुन्या लुगड्यात पाच-सहा मासे धरून आणले. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला एक उषाने कटोऱ्यात सोडला. तो क्षणभर स्थिर राहिला. मग एक अळी नाहीशी झाली. मग दुसरी. येसूबाई केव्हा उठून कटोऱ्यावर वाकली, ते तिलाही कळले नाही. उरलेले मासे होडीत गेले, तेव्हा शेजारची जमना कुंपणावरून ओरडली,

"येसूबाय, दर्या बघायच्या आधीच होडीला मासळी लागली गो!"

सगळी आळी हसली.

पुनवेला उषा परत आली. तीन वेळा पाणी घेतले, तिन्ही वेळा कटोरा स्वच्छ. पुंडलिकने मासे विहिरीत सोडले, होडी रिकामी केली आणि वाळूवरून लोटत नेली. येसूबाई नारळ घेऊन, कोणाचा हात न धरता, पाण्यापर्यंत चालत गेली. होडीत थेंबभरही पाणी शिरले नाही.

निघताना येसूबाईने उषाच्या हातात पितळी तांब्या दिला. आत एक चांदीचा ठिपका फिरत होता.

"पयली मासळी घरात ठेवायची नसते. पावन्याला द्यायची."

उषाने तांब्या दोन्ही हातांनी धरला. पालघर स्टेशनपर्यंत टांगा सावकाश हाकायला तिने तीनदा सांगितले.