फुलचंदचं दुसरं लायसन

फुलचंद सात वर्षांनी तुरुंगातून सुटून पुसदजवळच्या आपल्या तांड्यावर आला, तेव्हा जिल्ह्यात कापसापेक्षा समित्यांचं पीक जोरात होतं. कापसाचं काय बिनसलं, शेतकरी जीव का देतात, हे विचारायला रोज एखादी समिती उतरायची. समिती आली की जीप लागायची आणि जीपला ड्रायव्हर. ड्रायव्हर काही पुरत नव्हते, आणि फुलचंदसारखा रस्त्यातला खड्डान्‌खड्डा ओळखणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

अडचण एकच होती. फुलचंदकडे लायसन नव्हतं. दारू पिऊन जीप चालवताना त्यानं तांड्यातल्याच किसनसिंगला सायकलसकट उडवलं होतं. किसनसिंग जागीच गेला. कोर्टानं सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षं ठोठावली आणि तेवढ्याच वर्षांसाठी लायसनही काढून घेतलं.

पण तुरुंगाचीही शेती असते, आणि शेतीला ट्रॅक्टर लागतो. शेवटची तीन वर्षं तो फुलचंदनंच चालवला. सुटताना जेलरनं खूश होऊन दाखला दिला : 'बंदी ट्रॅक्टर उत्तम चालवतो.' तो दाखला घेऊन फुलचंद तालुक्याच्या कचेरीतल्या लायसनच्या कॅम्पला गेला. तिथे पंजाबराव नावाचे इन्स्पेक्टर होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला.

"हा तर गुन्ह्याचा पुरावा आहे लेका! लायसन बंद असताना ट्रॅक्टर चालवला?"

"सरकारनंच चालवाले लावला साहेब."

"सरकारले कोण पकडते? पकडल्या जाशीन तू. हा कागद कोणाले दाखवू नको. लर्निंगचा फारम भर अन् महिन्यानं ये."

फुलचंदनं फॉर्म भरला. आठ दिवस झाले नसतील, तर तालुक्याच्या कचेरीतला कारकून धरमसिंग घाम पुसत त्याच्या दारात उभा.

"चाल लवकर. मोठी समिती आली अन् आमचा ड्रायव्हर पिऊन पडला."

"मले लायसन नाही, भाऊ."

"पण तुले लायसन मागितलं कोणं?"

फुलचंद खाटेवरून हलला नाही. त्याची बायको रुपीबाई चुलीपासून ओरडली, "सात वर्षं घर मी चालवलं. आता दारात आलेलं काम कायले लाथाडता?" शेवटी धरमसिंगनं त्याला हाताला धरून जीपमध्ये बसवलं, स्वतःच गचके देत जीप हाकली आणि थेट पंजाबरावांपुढे नेऊन उभा केला. लायसन धरमसिंगकडेही नव्हतं.

आठवड्यापूर्वी पुरावा ओळखणाऱ्या पंजाबरावांनी आता शिक्का बाहेर काढला. "लर्निंगची तारीख मागची टाकू. टेस्ट झाली समज. इथं सही कर."

फुलचंदनं हात पाठीमागे घेतले. "नाही साहेब. टेस्ट घ्या."

"अरे, चालवता येते ना तुले? मंग काहून अडून राह्यला?"

"पह्यलं लायसन एजंटानं घरी आणून देल्लं होतं साहेब. फोटू देल्ला, सही केली, बस. तवा मले धड ब्रेकही माहीत नव्हता. कोणी एक दिवस बाजूले बसून पाह्यलं असतं, तर..."

क्षणभर वाटलं, साहेब वरमले. पण ते घड्याळ बघत होते. बाहेर समितीचा चहा निवत होता.

समिती दुसऱ्याच ड्रायव्हरबरोबर गेली. त्याच्याकडे लायसन होतं, पण त्यावर फोटो भावाचा होता. त्यानं वाट चुकवून सगळ्यांना सोयाबीनच्या शिवारात उतरवलं. कापूस कुठे दिसत नाही, अशी गंभीर नोंद समितीनं केली.

महिना भरल्यावर फुलचंद पुन्हा हजर. पंजाबराव सावलीत बसूनच म्हणाले, "पास. जाय."

"बाजूले बसा साहेब."

कुरकुरत ते बसले. रिव्हर्स घेताना जीपचा मागचा कोपरा खांबाला घासला. तुरुंगातल्या तीन वर्षांत फुलचंदनं ट्रॅक्टर पुढेच नेला होता, मागे घ्यायची वेळ क्वचितच आली होती.

"खांब लागला साहेब. नापास लिहा."

पंजाबरावांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं मागणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. नापास कुठल्या रकान्यात लिहायचं, हे रजिस्टर लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आठवडाभरानं फुलचंद टेस्टला पुन्हा आला, खांबाला वीतभर जागा सोडून जीप मागे घेतली आणि पास झाला.

मग तो तांडा ते पुसद सवारीची जीप चालवू लागला. किसनसिंगची बायको जमनी बाजारच्या दिवशी त्याच रस्त्यानं डोक्यावर गाठोडं घेऊन चालत जायची. फुलचंद तिच्याजवळ जीप थांबवायचा. ती वर न बघता हातानंच 'जा' म्हणायची.

दुसऱ्या बाजारीही तेच झालं, तिसऱ्या बाजारीही. मागच्या सवाऱ्या कावल्या. "ती काही बसत नाही. कायले थांबतो दरवेळी?"

"बसलीच तर?" फुलचंद म्हणाला.

जमनी पुढे निघून गेली होती. ती वळणाआड होईपर्यंत त्यानं जीप हलवली नाही. मग सावकाश पहिला गिअर टाकला.