पान एकशेबारा

सतराव्या कागदावरच्या ‘बिराजदार’ या आडनावावर पिवळी रेघ ओढताना डॉ. वैजयंती बिराजदार थांबल्या. त्या आडनावाआधीचं वाक्य त्यांनी आज पहिल्यांदाच वाचलं होतं.

‘विडी कामगार स्त्रिया घरी बसून काम करणे स्वखुशीने निवडतात – बिराजदार, पृष्ठ ११२.’

“हे मी कधी लिहिलं?”

समोर संगणकावर त्यांचा अर्ज भरत बसलेल्या हेडक्लार्क चनबसप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. “मॅडम, पाचला पोर्टल बंद होतंय. तुमी रेघा ओढा की नुसत्या.”

अर्ज प्राध्यापकपदाचा होता. बाई ऑगस्टात निवृत्त होणार होत्या, म्हणजे ही शेवटची संधी. नियम असा की तुमच्या संशोधनाचा हवाला इतर अभ्यासकांनी किमान तीस वेळा दिलेला हवा, आणि पुरावा म्हणून त्या प्रत्येकाचं पान छापून आपल्या नावावर रंग द्यायचा. एकेचाळीस पानं निघाली होती. दोन दिवस बाई हवेत होत्या. अक्कलकोटच्या भावाने तर पेढ्यांची ऑर्डरही देऊन टाकली होती.

लेख एकच, सोळा वर्षांपूर्वीचा. त्यासाठी दोन उन्हाळे शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या तीनशे बारा घरांचे उंबरे त्यांनी झिजवले होते. ‘स्वखुशीने’ हे मालकांचं म्हणणं होतं. ते पहिल्या पानावर देऊन पुढची अकरा पानं त्यांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या. कारखान्याची शेड बंद करून काम घरी ढकललं की हजेरीपट राहत नाही, आणि हजेरीपट नसला की हक्क मागायला जागाच राहत नाही, एवढं सरळ त्या लेखात लिहिलेलं होतं.

त्यांनी सगळेच कागद पुढे ओढले. रांचीचा कोणी, हैदराबादचे दोघे, पार युरोपातली एक बाई. अडतीस जणांनी तेच वाक्य, तेच पान. त्यांचा लेख तर शहाण्णव पानावर संपत होता! कपाटातून जुना अंक काढून पाहिला, तर पान एकशेबारावर वर्गणीदार होण्याचा अर्ज होता.

“एकाला, अहो एकाला तरी लेख उघडून बघावासा वाटू नये? एकमेकांचं बघून उतरवलंय सगळ्यांनी! आणि यांना म्हणायचं अभ्यासक!”

“कमिटी मोजते मॅडम, वाचत न्हाय. तुमच्या नावावर हाय ना? बास की.”

बाईंचं डोकं फिरलं. चोर शोधायचाच म्हणून त्यांनी कागद सालाप्रमाणे लावले. सगळ्यात जुना कागद शहाजी गुंडचा निघाला. शहाजी त्यांचाच विद्यार्थी, त्यांच्याच हाताखाली पीएचडी झालेला, आता जेऊरकडच्या एका कॉलेजात विभागप्रमुख. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

“शहाजी, पान एकशेबारा कुठून आणलंस?”

“ते व्हय मॅडम? माझ्या प्रबंधातलं पान असंल. त्याचा लेख करताना तसंच ऱ्हायलं वाटतं.”

“आणि वाक्य?”

“ते तुमचंच की. तुमच्या लेखातलं, पहिल्या पानावरचं. प्रबंध तुमी बघितला होता की, मॅडम. लई चांगलं झालंय म्हणाला होता. काय चुकलं का?”

“बघते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शहाजीने सहीसाठी आणून दिलेली प्रत खालच्या कप्प्यात होती. सुरुवातीलाच मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र: ‘हा प्रबंध मी काळजीपूर्वक वाचला आहे.’ खाली त्यांची सही, ठसठशीत. त्या महिन्यात कॉलेजची तपासणी होती, चार प्रबंध एकदम आले होते, आणि ही सही त्यांनी उभ्या उभ्या केली होती. पुढे पानोपानी त्यांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. पान चाळीसपर्यंत. त्यानंतर एकही नाही.

एकशेबारावर ते वाक्य जसंच्या तसं होतं. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतका वेळ ज्यांना त्या शिव्या घालत होत्या, त्या रांगेत सगळ्यात पुढे त्याच उभ्या होत्या.

उरलेले तीन कागद त्यांनी वेगळे ठेवले. त्यातल्या एकाने तर त्यांना सपशेल खोडून काढलं होतं, पण लेख नीट वाचून.

“मॅडम, शेवटचा रकाना,” चनबसप्पा म्हणाले. “एकूण एकेचाळीस टाकले. यातले स्वतःच स्वतःचे दिलेले हवाले किती, विचारतंय. तेवढे वजा होतात. शून्य टाकू ना?”

“नको. अडतीस टाका.”

चनबसप्पांनी पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “मग तीनच उरतात की.”

“तीनच आहेत.”

चनबसप्पांनी आकडा टाकला, पण अर्ज पाठवायचं बटण काही दाबलं नाही. पाचला दहा मिनिटं होती. वैजयंतींनी खुर्ची पुढे सरकवली आणि माऊस स्वतःकडे ओढून घेतला.