चौथी फेरी

"तानाबाई आहेत का घरी?"

सुपात हरभरा पाखडणाऱ्या आशाबाईने मान वर केली. "सासू तं वारली ना बाई माही. दसऱ्याच्या आंधीच."

महामायाबाई उंबऱ्याशीच थांबल्या. हातातल्या यादीत तानाबाईंचं नाव होतं. तारीख चौदा जानेवारी, रक्तदाब एकशे अठ्ठावन्नवर चौऱ्याण्णव. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, गोळ्या नियमित घेते : होय.

"जानेवारीत आमच्या मुली आल्या होत्या ना इथे?"

"नाई बा. कोनीच नाई आलं. काऊन?"

"काही नाही," महामायाबाई म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. गुडघे दुखत होतेच.

महामाया तायडे बुलढाण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात सामाजिक आरोग्य परिचर्या शिकवत. एकतीस वर्षं झाली होती, मे महिन्यात निवृत्ती होती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी वडनेर भोलजी या गावातल्या चाळिशीपुढच्या दोनशे दहा बायकांची नावं लिहून घेतली. नर्स घरी येऊन विचारपूस करत राहिली तर बाईचा रक्तदाब ताब्यात राहतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पहिल्या तीन फेऱ्यांना त्या स्वतः दारोदार फिरल्या. ही चौथी आणि शेवटची. या वेळी मात्र पाय चालेनात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलींना पाठवलं. त्याच आठवड्यात कॉलेजची तपासणी होती. फॉर्मचा गठ्ठा आला तेव्हा त्यांनी एका संध्याकाळी सगळ्यांवर सह्या करून टाकल्या. या चारही फेऱ्यांवर लिहिलेला निबंध एका मोठ्या मासिकाने छापायला घेतला होता; तेच बायकांना सांगायला त्या आज गावात आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायलला बोलावलं. यादीत तानाबाईंसमोर तिचं नाव होतं.

"तू तानाबाईंकडे गेली होतीस?"

पायल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पहिल्या दिवशी फिरलो मॅडम, खरंच फिरलो. दुसऱ्या दिवशी सतरा घरं राह्यली होती. मंग मागच्या फेरीचे आकडे पाहून थोडे कमी-जास्त केले."

"तू एकटीनेच?"

पायलने गुंडाळलेलं टोक सोडलं. मग म्हणाली, "सगळ्याईनंच." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आमाले वाटलं, सह्या करताना तुमी पाह्यता."

महामायाबाई तिला रागावणार होत्या. समोरच्या फॉर्मच्या तळाशी त्यांचीच सही होती.

प्राचार्य शरच्चंद्र सरांनी ऐकून चष्मा काढला. "एक नाव आहे ना? काढून टाका. दोनशे नऊ लिहा. एवढ्यासाठी कुणी बारा वर्षं पाण्यात घालतं का?"

"एक आहे की शंभर, तेच मला माहीत नाही, सर."

"अहो, दोन महिन्यांत तुम्ही घरी जाणार. सन्मानाने जा."

त्या उठल्या. खोलीत येऊन त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. चौथ्या फेरीतली माहिती विश्वासार्ह नाही, पर्यवेक्षक म्हणून मी ती तपासली नाही, निबंध परत घेत आहे. मुलींची नावं त्यात नव्हती. पत्र पाठवल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती झोप येत होती.

पुढच्या रविवारपासून त्या बसने नांदुऱ्यापर्यंत आणि तिथून रिक्षाने एकट्याच वडनेरला जाऊ लागल्या. कुणी शेतात असे, कुणी लेकीकडे. एका दिवसात नऊ घरं झाली की पुरे. मासिक आता हे छापणार नव्हतं, कॉलेजला त्याची गरज नव्हती. मे महिना आला तेव्हा त्र्याऐंशी बायका झाल्या होत्या. त्यांपैकी सहा जणी आता हयात नव्हत्या, त्यांच्यासमोर त्यांनी तसं लिहिलं.

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी त्या बनाबाईंकडे पोचल्या तेव्हा ऊन भाजत होतं. बनाबाईंचा रक्तदाब ठीक निघाला. फॉर्म भरून महामायाबाई दंडाचा पट्टा सोडू लागल्या, तशी म्हातारी म्हणाली, "आता तुमचा पाहा."

"माझा कशाला?"

"बारा वर्सं माह्या दंडाले गुंडाळता. तुमाले दंड नाई का?"

महामायाबाई हसल्या. पट्टा त्यांनी स्वतःच्या दंडाला लावला, बनाबाईंनी दुसरं टोक धरून ताणून दिलं. मशीन घरघरलं, थांबलं.

"किती हाय?"

"एकशे बहात्तरवर शंभर."

"म्हंजे चांगला हाय का?"

पट्टा सोडत त्या म्हणाल्या, "नाही."

बनाबाई उठल्या. त्यांनी बाज ओढत भिंतीच्या सावलीत नेली, वर गोधडी टाकली आणि महामायाबाईंच्या मांडीवरचे फॉर्म काढून घेतले.

"पडा मंग थोडं," त्या म्हणाल्या.

महामायाबाई आडव्या झाल्या. चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही. ती बनाबाईंनी काढली.