स्वच्छ कॅसेट

मास्तर कपडे शिवायचे आणि जॅझ ऐकायचे. त्यातलं पोटासाठी कुठलं आणि जिवासाठी कुठलं, हे विचारायची सोय नव्हती. दर रविवारी सकाळी दातांचे डॉक्टर आणि चष्मेवाला आपापल्या रेकॉर्डी तान्ह्या पोरासारख्या छातीशी धरून त्यांच्याकडे यायचे. नियम एकच. सुई टेकली की तोंड बंद. बोलेल त्याने चहा करायचा. बोलायचे नेहमी मास्तर, आणि चहा करायची त्यांची बायको.

"तुमची ही भांड्यांची आदळआपट, आणि दूध आटतं माझं!" ती जॅझला नावं ठेवत म्हणायची.

मास्तरांना जाऊन दोन महिने झाले. घरात फोटो ढीगभर, आवाज मात्र कुठेच नाही. मग तिला ती कॅसेट आठवली. डॉक्टरांनी एकदा स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मास्तरांची लाडकी रेकॉर्ड उतरवून घेतली होती. सगळी वाद्यं थांबून सॅक्सोफोन एकटा उरला, तेव्हा मास्तर ओरडले होते, "अगं, ये ना! एवढं तरी ऐक!" आणि आतून ती, "दूध ठेवलंय!" दोन्ही कॅसेटवर आलं होतं. त्यावरून तिची वर्षभर चेष्टा झाली होती.

तिने डॉक्टरांना फोन केला. "भावजी, ती कॅसेट ऐकायची होती हो." का, ते सांगायला लाज वाटली.

"वहिनी, तुम्ही? जॅझ?" डॉक्टर म्हणाले. "रविवारी घेऊनच येतो!"

रविवारी दोघं आले. डॉक्टरांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुललेला.

"जुनीत फार खरखर होती, वहिनी. वर आमची बडबड. मुद्दाम तीच रेकॉर्ड नवी कोरी मिळवली, थेट वायर जोडून नव्याने भरली. आता काडीचा आवाज नाही."

"आणि जुनी कॅसेट?"

"हीच ती! वर मास्तरांचं अक्षर आहे ना, म्हटलं वहिनींना तीच द्यायची. तिच्यावरच भरली."

माणसाने इतक्या मायेने केलेल्या कामाला काय बोलणार? ती मास्तरांच्या खुर्चीत बसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

कॅसेट सुरू झाली. हळूहळू एकेक वाद्य मागे सरलं आणि सॅक्सोफोन एकटा उरला. कुणीच हाक मारली नाही.

"आले," ती म्हणाली.

चष्मेवाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बोललात वहिनी! चहा तुमच्यावर." मग त्याने जीभ चावली.

तीच हसली आधी. "माझ्यावर कधी नव्हता हो?" म्हणत आत गेली. तिने दूध ठेवलं. ते वर आलं, कडेवरून ओसंडलं, शेगडीवर चरचरलं. ती शेगडीकडे पाठ करून दारात उभी होती. बाहेर सॅक्सोफोन अजून वाजत होता, आणि तिला तेवढं तरी ऐकायचं होतं.